उपयोगाची जागा आणि हक्काची जागा : एका फिलिपिनो क्वीअर कार्यकर्त्याच्या निमित्ताने

ताई, इतर वाचकांसाठी आपला प्रश्न आधी थोडक्यात नोंदवतो. आपण इंग्लंडमधील एका रुग्णालयात परिचारिका आहात. आपल्याच वॉर्डात काम करणारा, पस्तिशीतला एक फिलिपिनो सहकारी समलिंगी आहे आणि त्या शहरातील क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा, फिलिपिनो कामगारांसाठी तो मदतगट चालवतो. कोणाला एचआयव्ही चाचणीला जाताना सोबत हवी असते, कोणाचे व्हिसाचे कागद अडलेले असतात, कोणाला मध्यरात्री नुसते बोलायला माणूस हवे असते. ड्यूटी संपल्यावर तो हेच करत असतो. अलीकडे तो आपल्याला म्हणाला की तो नक्की कोणाचा आहे हेच त्याला कळेनासे झाले आहे. घरच्यांमध्ये तो पाहुण्यासारखा असतो, चर्चभोवती जमणाऱ्या फिलिपिनो मंडळींत अर्धा लपून वावरतो, तिथल्या गोऱ्या समलिंगी मित्रांना त्याचे निम्मे आयुष्य समजावून सांगावे लागते, आणि ज्यांच्यासाठी तो राबतो त्यांच्यातही आता त्याला एकटे वाटते. आपण विचारता की फिलिपाइन्स तर या बाबतीत आशियातला मोकळा देश मानला जातो, मग याला असे का वाटावे. समाजासाठी इतके करणाऱ्याला समाजात जागा का मिळू नये. आणि मैत्रीण म्हणून आपण काय करावे.

मी लैंगिक अल्पसंख्याकांसोबत समुपदेशक म्हणून आणि कार्यकर्त्यांचा प्रशिक्षक म्हणून दीर्घकाळ काम करत आलो आहे. कामाची सुरुवात मुंबईत झाली. पुढे प्रादेशिक प्रशिक्षणांच्या निमित्ताने मनिला, क्वेझॉन सिटी आणि सेबू येथील कार्यकर्त्यांशी जो संबंध जुळला तो टिकला आहे. त्यांच्याकडून मी जे शिकलो त्याच्या आधारे माझे उत्तर असे आहे की, आपल्या सहकाऱ्याला जागा मिळालेली नाही असे नाही. त्याला आयुष्यभर जागा मिळत आली आहे, पण ती प्रत्येक वेळी त्याच्या उपयोगापोटी मिळाली आहे, आणि कार्यकर्ता झाल्यावर त्याने नकळत तोच सौदा स्वतःच्या गटाशीही केला आहे. उपयोगापोटी मिळालेली जागा माणसाला कधीच स्वस्थ बसू देत नाही, कारण उपयोग संपला की ती जाईल ही धाकधूक तिच्यातच असते.

आधी त्या मोकळेपणाविषयी, कारण तो खोटा नाही. आपल्याकडे 1860 च्या दंडसंहितेतील कलम 377 समलिंगी संबंधांवर 2018 पर्यंत टांगून होते. फिलिपाइन्सवर राज्य स्पेनचे आणि नंतर अमेरिकेचे; तिथे 1932 पासून लागू असलेल्या दंडसंहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे असे कलमच नाही. प्यू संशोधन केंद्राच्या 2013 च्या पाहणीत 73 टक्के फिलिपिनो प्रौढांनी समाजाने समलैंगिकतेचा स्वीकार करावा असे उत्तर दिले, आणि 2019 मध्येही तोच आकडा आला. जिथे जवळजवळ ऐंशी टक्के लोक कॅथलिक आहेत अशा देशासाठी हा आकडा मोठा आहे. प्रत्यक्षातही हे दिसते. बारांगाय म्हणजे तिथला सर्वांत लहान प्रशासकीय घटक, गाव किंवा मोहल्ला म्हणू. असे 42,000 हून अधिक बारांगाय देशात आहेत, आणि ग्रामदैवतासारख्या तिथल्या संताच्या वार्षिक उत्सवात ‘मिस गे’ स्पर्धा भरणे ही नेहमीची गोष्ट आहे. मे महिन्यातल्या धार्मिक मिरवणुकीत राणी हेलेनाच्या आणि तिच्या सख्यांच्या पोशाखांवर शेवटचा हात फिरवणारा, संताच्या रथावरची फुले रचणारा, गल्लीतल्या पार्लरमध्ये नवरीचे केस करणारा माणूस बहुधा बाक्ला असतो, म्हणजे स्त्रीसारखी राहणी असलेला पुरुष किंवा ट्रान्स स्त्री. त्याला सगळे ओळखतात, नावाने हाक मारतात, त्याच्या विनोदांवर हसतात.

मात्र या चित्रात तो नेहमी काहीतरी करत असतो हे लक्षात घ्या. तो सजवतो, हसवतो, शिवतो, नाचतो आणि मुख्य म्हणजे कमावतो. लग्न होणार नाही, मुलेबाळे होणार नाहीत, म्हणून भावंडांच्या फीचा, आईच्या औषधांचा, भाच्याच्या पहिल्या मोटरसायकलचा भार त्याच्यावर येतो, आणि तो आनंदाने उचलला की घरातली कुरबुर बंद होते. असे घर तिथे कोणालाही ओळखीचे वाटेल. आईबापांच्या उपकारांतून उतराई होण्याची भावना फिलिपिनो कुटुंबात फार खोल आहे. प्रत्येक मुलावर ते ऋण असते, पण समलिंगी मुलावर त्याखेरीज एक दंडही बसतो. आपण जसे आहोत त्याची भरपाई म्हणून तो जास्त पाठवतो. परदेशी नर्सिंगच्या नोकरीने हे गणित आणखी घट्ट होते, कारण पैशाची रक्कम वाढते आणि घर दूर जाते, त्यामुळे नात्यात पैशाखेरीज दुसरे काही उरले आहे का, हे तपासण्याची संधीच मिळत नाही. आपल्या सहकाऱ्याला घरी पाहुण्यासारखे वाटते याचे मूळ बहुधा इथे आहे.

एक गोष्ट मी इथे मुद्दाम नोंदवतो, नाहीतर फिलिपिनो कुटुंबावर अन्याय होईल. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये ओलोंगापो शहरात जेनिफर लॉडे या ट्रान्स तरुणीचा एका अमेरिकन नौसैनिक तुकडीतील जवानाने खून केला. न्यायासाठी तिची आई आणि बहिणी वर्षानुवर्षे लढल्या, मोर्च्यांत पुढे राहिल्या. त्या जवानाला 2015 मध्ये शिक्षा झाली आणि 2020 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. मुलगी गेली, तिची कमाई गेली, तरी घर तिच्या बाजूने उभे राहिले. असे घर असू शकते हे आपल्या सहकाऱ्यालाही माहीत असणार, आणि म्हणूनच आपले घर तसे आहे का, हा प्रश्न त्याला छळत असेल.

आता कायद्याकडे येतो, कारण माणसाला आपण कोणाचे आहोत असे वाटणे ही केवळ मनाची बाब नसते. कोणाच्या सहीने शस्त्रक्रिया होते आणि कोणाच्या नावे घर राहते यावरही ते ठरते. फिलिपाइन्समध्ये संबंध गुन्हा नाहीत, पण भेदभावापासून देशपातळीवर सर्वंकष संरक्षणही नाही. भेदभावविरोधी कायद्याचे पहिले विधेयक 2000 साली मांडले गेले. 2017 च्या सप्टेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने ते 198 विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केले. त्या मंजुरीत जेराल्डीन रोमन यांचे मोठे काम होते, ज्या 2016 मध्ये बाताआन प्रांतातून निवडून आलेल्या तिथल्या काँग्रेसमधील, म्हणजे संसदेतील, पहिल्या ट्रान्स सदस्य. पुढे सिनेटमध्ये ते विधेयक अडकले आणि त्या काँग्रेसच्या मुदतीबरोबर संपले. ज्या तरुणांनी पहिल्या विधेयकासाठी सह्या गोळा केल्या ते आता प्रौढ झाले. विवाहाचे तसेच. 1987 च्या कुटुंबसंहितेनुसार विवाह स्त्री आणि पुरुष यांचाच. त्याला आव्हान देणारी फाल्सिस यांची याचिका 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्यतः याचिकाकर्त्याला अधिकार पोहोचत नाही या कारणावरून फेटाळली. लिंगबदलानंतर जन्मनोंदीतील नाव आणि लिंग बदलून मागणाऱ्या सिल्वेरिओ यांना 2007 मध्ये त्याच न्यायालयाने तसा कायदाच नसल्याचे सांगून नकार दिला. आपल्याकडे 2014 च्या नालसा निकालाने स्वतःचे लिंग स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. अंमलबजावणीच्या असंख्य तक्रारी असूनही हा फरक फार मोठा आहे, आणि भारतीय व फिलिपिनो कार्यकर्ते एकत्र बसले की याच दोन निकालांवर बोलणे येते.

वारसा कायदा त्याहून बोचरा आहे. अविवाहित, निपुत्रिक माणसाचे आईवडील हयात असतील तर मालमत्तेचा अर्धा हिस्सा त्यांचा राखीव. मृत्युपत्राने उरलेल्या अर्ध्याचीच व्यवस्था लावता येते. म्हणजे वीस वर्षे एकत्र राहिलेला जोडीदार असला तरी कायद्याच्या नजरेत तो त्रयस्थ, आणि वीस वर्षे न बोललेले वडील हे वारस. क्वेझॉन सिटीने 2023 मध्ये ‘राइट टू केअर’ नावाचे कार्ड सुरू केले. जोडीदाराला मुखत्यारपत्र देऊन त्याच्या आधारे रुग्णालयात उपचारांचे निर्णय घेता यावेत अशी ती सोय. एका शहरापुरती, एका कार्डापुरती ही गोष्ट, पण त्या दिवशी कार्ड घेणाऱ्या जोडप्यांना काय वाटले असेल हे परिचारिका म्हणून आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. अतिदक्षता विभागाच्या दाराशी ‘आपण पेशंटचे कोण’ या प्रश्नाला उत्तर नसलेली माणसे आपण पाहिली असतील.

या पार्श्वभूमीवर तिथल्या कार्यकर्त्यांनी ज्या जागा उभ्या केल्या त्यांचा मला फार आदर वाटतो. 26 जून 1994 रोजी क्वेझॉन सिटीत प्रोगे फिलिपाइन्स ही संघटना आणि मनिलाचे मेट्रोपोलिटन कम्युनिटी चर्च यांनी मोर्चा काढला. आशियातला पहिला प्राइड मोर्चा म्हणून तो सांगितला जातो. माणसे मूठभर होती, आणि त्याच दिवशी मूल्यवर्धित कराच्या विरोधात निघालेल्या मोठ्या निदर्शनांशी त्यांनी स्वतःला जोडून घेतले. महागाईचा प्रश्न आमचाही आहे, असे सांगत ते रस्त्यावर आले. मुंबईत हमसफर ट्रस्ट सुरू झाला तेही 1994 च. पुढे आयल्गा या लैंगिक अल्पसंख्याकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आशियाई परिषद 2002 साली मुंबईत आणि 2005 साली सेबूत भरली. दोन्हीकडच्या पिढ्यांची ओळख अशा मंचांवर झाली आणि त्यातून झालेली मैत्री अनेकांना घरच्या नात्यांपेक्षा जास्त पुरली.

फिलिपाइन्स विद्यापीठात 1992 मध्ये विद्यार्थ्यांनी ‘यूपी बाबायलान’ ही संघटना काढली. बाबायलान म्हणजे स्पॅनिश काळापूर्वीच्या पुजारी-वैद्य स्त्रिया. स्त्रीवेषात तेच काम करणाऱ्या पुरुषांच्या नोंदीही जुन्या स्पॅनिश लेखनात आहेत. अनेक कार्यकर्त्यांना या इतिहासातून बळ मिळते, आणि समलैंगिकता हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे म्हणणाऱ्याला तो चांगले उत्तरही आहे. माझे मत मात्र असे की परंपरेतल्या मानाच्या स्थानावर फार विसंबू नये. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात यल्लम्माच्या जोगत्यांना परंपरेने मान आहे. जत्रेत लोक त्यांच्या पाया पडतात, आणि जत्रा संपल्यावर त्याच जोगत्याला भाड्याने खोली मिळत नाही. हाही उपयोगापोटी मिळणारा मानच आहे, फक्त उपयोग देवाच्या कामाचा आहे.

राजकीय हक्काचे उदाहरण म्हणून लैंगिक अल्पसंख्याकांच्या ‘आंग लादलाद’ पक्षाची गोष्ट आपल्याला सांगावीशी वाटते. डॅन्टन रेमोतो यांनी 2003 मध्ये स्थापलेल्या या पक्षाने यादी-पद्धतीच्या निवडणुकीसाठी अर्ज केला, तेव्हा 2009 मध्ये निवडणूक आयोगाने बायबल आणि कुराण यांचे दाखले देऊन, पक्ष अनैतिकतेला उत्तेजन देतो असे ठरवून नोंदणी नाकारली. एप्रिल 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. सरकारी यंत्रणेला धार्मिक वचनांच्या आधारे नागरिकाला निवडणुकीतून बाहेर ठेवता येणार नाही हे त्यातले सूत्र. पक्षाला त्या निवडणुकीत जागा मिळाली नाही, 2013 मध्येही मिळाली नाही. तरी मला भेटलेले तिथले कार्यकर्ते या निकालाविषयी बोलताना ताठ बसतात, कारण त्यांनी कोणाला हसवले नव्हते, कोणाचे केस केले नव्हते, कोणाची फी भरली नव्हती, आणि तरी देशाने त्यांना नागरिक म्हणून मोजले होते.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलकी वाटणारी जागा म्हणजे मनिलाला लागून असलेल्या पासाय शहरातले ‘होम फॉर द गोल्डन गेज’. नगरसेवक आणि स्तंभलेखक असलेल्या हुस्तो हुस्तो यांनी 1975 मध्ये वृद्ध, निराधार बाक्लांसाठी आपले घर उघडले. तरुणपणी घरे पोसणारी, वय झाल्यावर त्याच घरांत अडगळ ठरलेली माणसे तिथे आली. 2012 मध्ये हुस्तो वारले आणि रहिवाशांना ते घर सोडावे लागले. काही जण रस्त्यावर आले, काही ओळखीपाळखीने राहिले. पण त्यांनी एकमेकांना सोडले नाही. सणासुदीला सौंदर्यस्पर्धांचे कार्यक्रम करून, गाऊन, नाचून ते भाड्याचे पैसे जमवत राहिले आणि पुढे पुन्हा एका छपराखाली आले. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना डोक्यावर छप्पर हवे म्हणून तोंडाला रंग लावून मंचावर उभे राहावे लागते याचा मला राग येतो. परंतु त्या माणसांचे आपसातले नाते वेगळे आहे. ज्याला गुडघ्यांमुळे नाचता येत नाही त्यालाही पानात वाढले जाते. तो काय कमावतो याचा हिशेब त्या घरात मांडला जात नाही. हक्काची जागा म्हणजे काय हे मला कोणी विचारले तर मी त्या घराकडे बोट दाखवतो.

परदेशातल्या फिलिपिनोंनीही अशा जागा केल्या आहेत. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांना मालकाच्याच घरी राहण्याची सक्ती आहे, त्यामुळे स्वतःचे दारही नाही. रविवारची सुटी त्या सेंट्रल भागातल्या रस्त्यांवर, पुठ्ठे अंथरून काढतात. त्यांच्यातल्या टॉमबॉय आणि लेस्बियन कामगारांनी ‘फिलगाइज’ ही संघटना काढली आणि वेतन, कंत्राट, छळ यांच्या लढ्यातच स्वतःचा प्रश्न उभा केला. लॉस एंजेलिसमध्ये 1990 पासून ‘बारांगाय’ नावानेच समलिंगी फिलिपिनोंची संघटना आहे. सॅन फ्रान्सिस्कोत निकी काल्मा ही ट्रान्स फिलिपिना ‘तिता आयदा’, म्हणजे आयदामावशी, या नावाने एचआयव्हीविषयी बोलत राहिली आणि त्या शहरातल्या आशियाई क्वीअर लोकांची मावशीच झाली. या मंडळींनी गट चालवला तो सेवाकेंद्रासारखा नव्हे, नात्यासारखा.

आता आपल्या सहकाऱ्याकडे येऊ. घरात ज्याने लहानपणापासून ‘मी कामाला येतो म्हणून मी इथे आहे’ हे शिकून घेतले, तो गट काढतो तेव्हा सर्वांत जास्त काम स्वतःकडे ओढून घेतो. लोकांना तो आवडतो, पण लोक त्याला अडचणीतच फोन करतात. त्याच्या वाढदिवसाला तो एकटा असतो, कारण तोही एकटा असू शकतो हे कोणाच्या मनातच येत नाही. मग त्याला वाटते की मी आजारी पडलो, दमलो, एखाद्याला नाही म्हणालो, तर मला इथे जागा नाही. फिलिपाइन्समधील कार्यकर्त्यांवर याखेरीज आणखी एक ताण असतो तो धोक्याचा. 26 जून 2020 रोजी मनिलात प्राइडच्या निदर्शनात पोलिसांनी 20 जणांना पकडले होते. इंग्लंडमध्ये ती भीती कमी, पण व्हिसा मालकाच्या हाती असलेली माणसे गटात असतील तर त्यांची भीती त्याच्यापर्यंत पोहोचत असणार. शिवाय वर्गाचा प्रश्न आहे. नर्स म्हणून त्याची इंग्रजी चांगली, पगार निश्चित. गटातली केअरहोममधली किंवा घरकाम करणारी माणसे त्याच्याकडे ‘साहेब’ म्हणून पाहत असतील. हे अंतर फिलिपाइन्समध्ये फार जुने आहे: एकीकडे मकातीतल्या कचेऱ्यांतले इंग्रजी बोलणारे गे तरुण, दुसरीकडे पार्लरमधले बाक्ला. क्वेझॉन सिटीतील ‘गालांग’ या संघटनेने झोपडवस्तीतल्या लेस्बियन व ट्रान्स पुरुषांबरोबर काम करताना हे अंतर ओळखूनच कामाची रीत बसवली.

आपण काय करावे, याविषयी मला जे उपयोगी पडताना दिसले आहे तेवढेच सांगतो.

त्याच्यापाशी ‘तुमच्याकडे तर किती मोकळेपणा आहे’ हे वाक्य बोलू नका. त्याने त्याचे दुःख अकारण ठरते. त्याऐवजी त्याला अशा वेळी बोलवा, जेव्हा कोणाचेच काही अडलेले नाही. जेवायला बोलवा, आणि तो उठून भांडी घासू लागला तर बसवून ठेवा. त्याला सुरुवातीला अवघडल्यासारखे होईल. अशा माणसांना फुकटचे प्रेम घेण्याची सवय नसते, आणि ती बोलण्याने लागत नाही, वारंवारतेने लागते.

पैशाविषयी तो स्वतः बोलला तरच बोला. घरी पैसे पाठवणे बंद कर असा सल्ला अनेक जण देतात. माझ्या मते तो क्रूर आहे आणि बहुतेक वेळा चुकीचाही, कारण ते पैसे पाठवण्यात त्याचे प्रेमही आहे. दरमहा ठरलेली रक्कम पाठवावी, त्यावरच्या मागण्यांना विचार करून उत्तर द्यावे, आणि पैशाचा विषय नसलेला एक फोन आठवड्यातून करावा, असे मी सुचवतो. काही घरे या फोनला उत्तम प्रतिसाद देतात आणि वर्षानुवर्षांचा गैरसमज उलगडतो. काही घरे देत नाहीत. तेही कळणे गरजेचे असते, मात्र ते कळेल तेव्हा त्याच्याजवळ कोणीतरी असावे.

चर्चविषयी सांभाळून बोला. इंग्लंडमधली फिलिपिनो वस्ती रविवारच्या मिस्साभोवती, म्हणजे चर्चमधल्या उपासनेभोवती, जमते. तिथला भात, ती गाणी, डिसेंबरातल्या पहाटेच्या प्रार्थना यांना तो मुकत असेल तर ‘असल्या धर्माला काय करायचे’ हे त्याला सांत्वन वाटणार नाही. मनिलात समलिंगी ख्रिस्ती लोकांची स्वतःची चर्चेस आहेत, आणि लंडनमध्ये मेफेअरच्या फार्म स्ट्रीट चर्चमध्ये 2013 पासून एलजीबीटी कॅथलिकांचा गट मिस्साला जमतो. त्याला माहीत नसेल तर सांगा, जायचे असल्यास सोबत जा, नको म्हणाला तर पुन्हा विचारू नका.

गटाच्या बाबतीत सल्ला त्याने मागितला तर माझे म्हणणे ठाम आहे: गटाचा फोन एका माणसाच्या खिशात राहता कामा नये. पाळ्या लावाव्यात, रात्रीच्या फोनला मर्यादा असावी, आणि आणीबाणीसाठी सरकारी व स्वयंसेवी हेल्पलाइनचे क्रमांक सर्वांकडे असावेत. मनिलातील ‘लव्हयुवरसेल्फ’ हे एचआयव्ही चाचणीचे काम 2011 मध्ये सुरू झाले ते स्वयंसेवकांच्या बळावर. थोड्या तासांसाठी येणारी, प्रशिक्षण घेतलेली पुष्कळ माणसे, ही त्याची ताकद. महिन्यातून एक बैठक अशी असावी जिच्यात कोणतीही केस, कोणताही अर्ज निघणार नाही. फक्त स्वयंपाक, गाणी, पत्ते. मदत घेणाऱ्यांनाही काहीतरी देऊ द्यावे. ज्याला आज व्हिसाच्या कागदांत मदत झाली त्याने उद्या भात रांधला तर तो याचक राहत नाही आणि आपला सहकारी दाता राहत नाही. झोप उडणे, कामात चुका होणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे यांपैकी काही दिसले तर मात्र मैत्रीण म्हणून एवढ्यावर थांबू नका, त्याच दिवशी त्याला जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, घेऊन जा.

आणि शेवटी कागद. तो त्या देशात एकटा आहे, आणि आईवडील सात समुद्रांपलीकडे. इंग्लंडमध्ये रुग्णालयाच्या फॉर्मवर ‘नेक्स्ट ऑफ किन’ म्हणून आपल्या पसंतीच्या कोणाचेही नाव देता येते. रक्ताचे नाते लागत नाही. पण नुसत्या त्या नावाने उपचारांचा निर्णय घेण्याचा अधिकार येत नाही. त्यासाठी आरोग्यविषयक लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे मुखत्यारपत्र, करून तिची पब्लिक गार्डियनच्या कार्यालयात नोंदणी करावी लागते. त्याला जोडीदार असेल आणि त्यांनी तिथे लग्न केले तर ते इंग्लंडमध्ये पूर्ण वैध आहे, परंतु फिलिपाइन्समध्ये त्याला मान्यता नाही. त्यामुळे तिकडे त्याची जमीन किंवा घर असेल तर तिथल्या वकिलाकडून वेगळे मृत्युपत्र करून घेणे शहाणपणाचे, आईवडिलांच्या राखीव हिश्श्याचा हिशेब धरून. इतरांचे कागद करून देणाऱ्या या माणसाचे स्वतःचे कागद कोरे असण्याची शक्यता पुष्कळ आहे. एखाद्या सुटीच्या दिवशी ते फॉर्म घेऊन त्याच्यासोबत बसा. कोणाचे नाव लिहायचे हे त्याला लगेच सांगता आले नाही तर घाई करू नका, आणि त्याने आपले नाव लिहू का असे विचारले तर ती जबाबदारी नेमकी काय असते हे वाचून, घरच्यांशी बोलून मगच होकार द्या.